गंबो कोणाचा?

बॅटन रूज सोडून पश्चिमेला लाफायेतच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात हमरस्ता जमीन सोडतो. पुढचे सुमारे २९ किलोमीटर गाडी खांबांवरून धावते आणि खाली अचाफलायाचं खोरं पसरलेलं असतं. नदीकाठची एवढी मोठी दलदल अमेरिकेत दुसरी नाही. पाण्यात उभी सायप्रसची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस, मधूनच बगळ्यांची रांग आणि एखादी सपाट बुडाची होडी. पुलाच्या पूर्वेला मिसिसिपी नदी, तिच्या काठचा ऊस आणि न्यू ऑर्लिन्स शहर. पश्चिमेला भाताची खाचरं, गुरांची कुरणं आणि लहान लहान गावं. दक्षिण लुइझियानाचं खाणं समजून घ्यायचं तर हा पूल दोन्ही दिशांनी ओलांडायला हवा.

पर्यटकांसाठीच्या पुस्तकांत या खाण्याची वाटणी सोपी करून ठेवलेली असते. पूर्वेचं ते क्रिओल: शहरी, लोण्यातलं, टोमॅटो घातलेलं, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर वाढलेलं. पश्चिमेचं ते केजन: गावाकडचं, डुकराच्या चरबीतलं, एकाच मोठ्या भांड्यात रटरटलेलं. एक फ्रेंच जमीनदारांच्या हवेलीतलं, दुसरं फ्रेंच शेतकऱ्यांच्या घरातलं. वाटणी अगदीच खोटी नाही. पण तिच्यात दोन्हीकडे फ्रेंच मालक दिसतात, आणि चुलीपुढे उभी असलेली माणसं मात्र दिसत नाहीत. या भागात हिंडताना, जेवताना आणि तिथला इतिहास वाचताना मला सतत जाणवत राहिलं ते हेच. लुइझियानाच्या प्रत्येक पदार्थामागे कोणाला तरी जबरदस्तीने आणलेलं आहे किंवा कोणाला तरी घरातून हाकललेलं आहे. ते माहीत करून न घेता तिथलं जेवण नुसतं चविष्ट लागतं, कळत नाही.

खाजण राखणारे अकेडियन

केजनांची गोष्ट सुरू होते ती हजारो किलोमीटर दूर, आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेल्या शेतकरी कुटुंबांनी फंडीच्या उपसागराकाठी वस्ती केली. त्या मुलखाला अकेडी म्हणत, तिथल्यांना अकेडियन; केजन हा त्याचाच अपभ्रंश. फंडीची भरती जगातल्या सर्वात उंच भरत्यांपैकी एक. या लोकांनी भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणांना मातीचे बांध घातले आणि बांधांत लाकडी झडपा बसवल्या. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं. भरती आली की तिच्याच दाबाने झडप मिटायची. पेण-अलिबागकडच्या खारेपाटात खारबंदिस्तीच्या उघाड्या ज्याने पाहिल्या असतील, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

१७१३ साली उत्रेक्तच्या तहाने अकेडीचा मोठा भाग ब्रिटिशांकडे गेला. आपण कोणाच्याच बाजूने लढणार नाही, ही अकेडियनांची भूमिका ब्रिटिशांना पटली नाही आणि बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला हे लोक तयार झाले नाहीत. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावातल्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावून हुकूम वाचून दाखवण्यात आला: जमीन, घरं, गुरं सरकारजमा आणि सगळ्यांची हद्दपारी. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून दूर नेली गेली. घरं जाळली गेली, कुटुंबं फुटली. हजारो माणसं रोगराईने आणि समुद्रात बुडून मेली. उरलेली अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत, इंग्लंडमधल्या छावण्यांत आणि फ्रान्सच्या बंदरांत विखुरली.

१७६५ साली बोसोले या नावाने ओळखला जाणारा जोसेफ ब्रूसार सुमारे २०० जणांचा जथा घेऊन लुइझियानात पोचला. १७८५ मध्ये स्पेनच्या राजाच्या खर्चाने सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० अकेडियन फ्रान्सहून आले. लुइझियाना तोवर फ्रान्सकडून स्पेनकडे गेलेली होती. या निर्वासितांच्या वाट्याला दलदलीचा काठ आणि पश्चिमेचं गवताळ मैदान आलं. थंड समुद्रातला कॉड मासा इथे नव्हता, गहू नीट येत नव्हता. हाताशी होते मका, भात, गोड्या पाण्यातले मासे, डुकरं आणि दलदलीतले जीव. मका कसा खायचा आणि दलदलीत कसं तगायचं, हे इथल्या चिटिमाचा, चॉक्टॉ, हूमा या मूळ रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

पुढे याच लोकांच्या मुलांना शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली. १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. मैदानावर फ्रेंच बोलणार नाही, असं शेकडो वेळा लिहून काढलेली पिढी म्हातारी होईपर्यंत आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलत राहिली. १९६८ साली राज्य सरकारने फ्रेंचच्या जतनासाठी संस्था स्थापन केली. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात १७५५ च्या हद्दपारीने झालेल्या हालांची कबुली देण्यात आली आणि २८ जुलै हा त्याच्या स्मरणाचा दिवस ठरला. अडीचशे वर्षांनी आलेल्या या कबुलीसाठी लुइझियानातल्या एका केजन वकिलाने, वॉरन पेरिन यांनी, १९९० पासून पाठपुरावा केला होता.

एका खाचरात दोन पिकं

लाफायेतच्या पश्चिमेला क्राउली, यूनिस, मामू या गावांभोवती भाताचीच शेती आहे आणि त्याच शेतात क्रॉफिशचीही. क्रॉफिश म्हणजे शेवंडीच्या कुळातला, बोटाएवढा, गोड्या पाण्यातला जीव. भात उभं असताना उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्यात क्रॉफिश सोडतात. कापणीआधी पाणी काढलं की ते बांधाच्या ओल्या मातीत बिळं करून खोल जातात. जुलै-ऑगस्टमध्ये भात कापलं जातं. पुढे खाचर पुन्हा भरलं की धसांना फुटवे येतात, ते पाण्यात कुजतात, आणि बिळांतून पिल्लं घेऊन बाहेर आलेल्या माद्यांची पुढची पिढी त्यावर पोसते.

हिवाळ्यापासून जूनच्या आसपासपर्यंत त्यांची पकड चालते. सपाट बुडाच्या ॲल्युमिनियमच्या होडीला मागे लोखंडी चाक असतं. ते खाचराच्या तळाला टेकून होडीला पुढे ढकलतं आणि तिला बांधावरूनही पार नेतं. शेतकरी पायाने दिशा सांभाळतो. हाताने चिखलात रोवलेला तारेचा पिंजरा उचलायचा, आतला माल ट्रेवर ओतायचा, माशाचा तुकडा घालून पिंजरा पुन्हा रोवायचा, की पुढचा पिंजरा हाताशी. होडी थांबत नाही. अमेरिकेतला बहुतेक सगळा क्रॉफिश लुइझियानात पिकतो, आणि तो पावसापाण्यावर किती अवलंबून आहे हे २०२३ च्या दुष्काळाने दाखवलं. बांध तडकले, बिळांतच जीव मेले आणि २०२४ च्या वसंतात भाव गगनाला भिडले.

गुड फ्रायडेच्या आसपास या भागात जवळपास प्रत्येक अंगणात गॅसवर मोठं पातेलं चढलेलं दिसतं. पाण्यात मीठ, लाल तिखट, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे, बटाटे, मक्याची कणसं आणि मग जिवंत क्रॉफिशची आख्खी गोणी. शिजलं की आच बंद करून ते तसंच मुरू देतात, कारण तिखट शिरतं ते या मुरण्यात. मग वर्तमानपत्रं अंथरलेल्या लांब टेबलावर सगळं पातेलं उपडं होतं. ताटं नाहीत, काटे-चमचे नाहीत. दोन्ही हातांनी डोकं आणि शेपूट पिळून वेगळं करायचं, डोक्यातला पिवळा तिखट रस चोखायचा, शेपटीचं कवच चिमटून मांस सोडवायचं. ओठ झोंबतात, नखांत तिखट जातं. टेबलाशी आजी असते, नातू असतो, शेजारी असतो. ब्रो ब्रिज या गावाला १९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून घोषित केलं. त्याआधी क्रॉफिश हे गरिबाचं खाणं मानलं जाई आणि ते खातो हे सांगायला लोक लाजत.

भात, डुकराचं मांस, कलेजी आणि कांद्याची पात आतड्यात भरून वाफवलेला बुदँ हाही इथला रोजचा पदार्थ. तो पेट्रोल पंपावर मिळतो आणि लोक तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून खातात. त्यामागे बूशरीची चाल आहे. फ्रीज नव्हते तेव्हा शेजारची घरं पाळीपाळीने डुक्कर मारत आणि मांस वाटून घेत. काहीच टाकायचं नाही म्हणून कलेजी बुदँमध्ये गेली, कातडी तळून कुरकुरीत केली गेली, चरबी डब्यात भरून वर्षभर पुरवली गेली. ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वीच्या मार्डी ग्राच्या दिवशी मामू-यूनिसकडे उंच टोकदार टोप्या आणि मुखवटे घातलेले स्वार घरोघर जाऊन गंबोसाठी शिधा मागतात. घरमालक जिवंत कोंबडी हवेत सोडतो आणि सगळे चिखलातून तिच्यामागे धावतात. संध्याकाळी त्याच शिध्याचा गंबो सगळ्या गावाचा होतो.

या मैदानावर फ्रेंच बोलणारे काळे, म्हणजे काळे क्रिओल, शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, हे मात्र पोस्टरांवर क्वचित दिसतं. आज केजन संगीत म्हणून जे वाजतं त्याच्या पायाशी आमेदे आर्दवँ हा काळा क्रिओल ॲकॉर्डियनवादक आहे. १९२९ पासून त्याने डेनिस मॅगी या गोऱ्या फिडलवादकाबरोबर ध्वनिमुद्रिका केल्या. दोघे नाचाच्या मेळ्यांतही एकत्र वाजवत. एका रात्री घाम पुसायला त्याने गोऱ्या बाईने दिलेला रुमाल घेतला म्हणून त्याला अमानुष मारहाण झाली, असं त्या भागात सांगतात. १९४२ साली तो मनोरुग्णालयात वारला. २०१८ मध्ये ऑपेलूससला त्याचा पुतळा उभा राहिला. गाणी एकच, खाणी एकच, आणि तरी टेबलं वेगळी, असा हा मुलूख होता.

भांड्यात उतरून पाहताना

गंबो म्हणजे दाट रस्सा, भातावर ओतून खायचा. त्याची सुरुवात रूपासून होते. बिडाच्या जाड भांड्यात तेल किंवा चरबी तापवायची, तितकंच गव्हाचं पीठ घालायचं आणि ढवळायला लागायचं. आच मंद, हात सतत फिरता. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग खमंग, भाजक्या दाण्यांसारखा. रंग फिकट बदामी, मग विटकरी, मग चॉकलेटी होत जातो. या टप्प्याला पोचायला पाऊण तास लागू शकतो आणि शेवटची पाच मिनिटं सर्वात अवघड असतात. काळे ठिपके दिसले की रू जळला. तो फेकून पुन्हा पहिल्यापासून. रंग हवा तसा आला की चिरलेला कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची एकदम त्यात पडतात. मोठा चर्रर आवाज होतो, भाज्यांच्या ओलाव्याने पिठाचं भाजणं थांबतं आणि घरभर वास सुटतो. काळपट रू चवीला खोल, पण दाटपणा द्यायला कमजोर असतो. पीठ जितकं जास्त भाजावं तितकी त्याची रस्सा धरून ठेवण्याची ताकद कमी होते. म्हणून दाटपणासाठी गंबोला दुसरी सोय लागते.

ती सोय दोन ठिकाणांहून आली. एक भेंडी. भेंडी आफ्रिकेतून आली आणि मध्य आफ्रिकेच्या भाषांत तिला जे म्हणतात त्यावरूनच या पदार्थाला गंबो म्हणू लागले. आपण भेंडी चिकट होऊ नये म्हणून कोरडी करून परततो. गंबोत तिची तारच हवी असते. दुसरी सोय फिलेची. सॅसाफ्रास झाडाची पानं वाळवून, कुटून, चाळून केलेली ही हिरवट पूड चॉक्टॉ लोकांची. ती न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात चॉक्टॉ स्त्रिया विकायला आणत. फिले आचेवर उकळली तर रस्सा तंतू धरतो, म्हणून भांडं उतरवल्यावर किंवा थेट ताटात घालतात. भेंडीच्या हंगामात भेंडी आणि हिवाळ्यात फिले, असा जुना रिवाज. आता बाकीचा हिशोब पाहा: रू फ्रेंच पद्धतीचा, मसालेदार आंदुई सॉसेजला मिसिसिपीकाठच्या जर्मन वसाहतींचा हात लागलेला, भोपळी मिरचीवर स्पॅनिश छाप, मेक्सिकोच्या आखातातली कोळंबी, खेकडे आणि कालवं. आणि खाली भात.

भाताची गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. न्यू ऑर्लिन्स १७१८ साली वसलं. दुसऱ्याच वर्षी आफ्रिकेतून गुलामांची पहिली जहाजं लुइझियानात आली. भाताचं बियाणं आणि भातशेती येणारी माणसं आणा, अशी सूचना जहाजाच्या कप्तानांना होती. फ्रेंच अमलात आलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं सेनेगांबियाकडची होती, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातली जिथे भातशेतीची परंपरा शतकांची होती. फ्रेंच मालकांना भात पिकवता येत नव्हतं. ज्यांना त्यांनी विकत घेतलं त्यांना येत होतं. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार स्त्रीने आयुष्यभर जुनी खरेदीखतं आणि खटल्यांचे कागद धुंडाळून हे सगळं पुढे आणलं. गंबोचा सर्वात जुना ज्ञात उल्लेखही तिला अशाच कागदांत सापडला: १७६४ सालच्या न्यू ऑर्लिन्समधल्या एका चौकशीत, गुलाम स्त्रीच्या जबानीत. बोसोलेचा जथा तेव्हा अजून यायचा होता.

ट्रेमेमधलं स्वयंपाकघर

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरला लागूनच ट्रेमे ही वस्ती आहे. तिच्या कडेला काँगो स्क्वेअर. रविवारी गुलामांना थोडी मोकळीक मिळे, तेव्हा ते इथे जमत, ढोल वाजवत, नाचत, आणि स्वतः पिकवलेलं, रांधलेलं विकत. तांदळाचे गोड तळलेले कालास टोपलीत घेऊन काळ्या स्त्रिया शहरभर फिरत. स्पॅनिश अमलात गुलामाला स्वतःची किंमत भरून मोकळं होता येत असे. या विक्रीतून पैसा पैसा साठवून काही स्त्रियांनी स्वतःची, मुलांची सुटका विकत घेतली. १८०९ मध्ये हैतीच्या क्रांतीतून निघालेले आणि क्यूबातून हाकलले गेलेले सुमारे ९,००० निर्वासित इथे येऊ लागले. त्यांत गोरे, मुक्त काळे आणि गुलाम असे तिन्ही जवळपास सारख्या संख्येने होते. शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. सोमवारी धुण्याच्या दिवशी मंद आचेवर शिजत ठेवायचा लाल राजमा-भात या शहराचा रोजचा घास झाला, त्यात या कॅरिबियन वाटेचा मोठा वाटा आहे.

ट्रेमेतच ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवर डूकी चेसेस हे रेस्तराँ आहे, १९४१ पासूनचं. चेस घराण्याची सून होऊन आलेल्या लीआ चेस यांनी सँडविचच्या दुकानाचं कृष्णवर्णीयांसाठीचं उत्तम रेस्तराँ केलं. पांढऱ्या चादरी घातल्या आणि भिंतींवर काळ्या चित्रकारांची चित्रं लावली. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्याने गुन्हा होता त्या काळात नागरी हक्क चळवळीतले लोक वरच्या मजल्यावर एकत्र बसत आणि लीआबाई त्यांना गंबो वाढत. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवले. पुढे बराक ओबामांनी चव न घेताच गंबोत तिखट सॉस घातला तेव्हा बाईंनी त्यांनाही खडसावलं. २००५ च्या कट्रिना वादळात रेस्तराँ पाण्याखाली गेलं. पंच्याऐंशीच्या घरात असताना त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि २०१९ साली, ९६ व्या वर्षी वारेपर्यंत त्या स्वयंपाकघरात येत राहिल्या. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी तिथे हिरव्या पालेभाज्यांचा गंबो होतो. भाज्यांची संख्या विषमच असली पाहिजे, बहुधा नऊ. जितक्या भाज्या, तितके नवे मित्र वर्षभरात मिळतील, असं मानतात.

लीआबाईंच्या आधी लेना रिचर्ड होत्या. १९३९ मध्ये त्यांनी क्रिओल स्वयंपाकाचं पुस्तक स्वतः छापलं. वर्णभेदाचे कायदे कडक असतानाच, १९४९ साली, त्या न्यू ऑर्लिन्सच्या टीव्हीवर स्वतःचा पाककार्यक्रम करत होत्या. शहरातल्या नामांकित रेस्तराँच्या भटारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या काळे आचारी राबले, पाट्यांवर मात्र मालकांची नावं राहिली. १९७८ साली नॅथॅनिएल बर्टन आणि रूडी लोम्बार्ड यांनी या आचाऱ्यांना नावानिशी पुढे आणणारं पुस्तक काढलं. तोवर त्यांची फारशी नोंद घेतली गेली नव्हती.

साखरेचा काठ

न्यू ऑर्लिन्सहून वर मिसिसिपीच्या काठाने गेलं की खांबांच्या पांढऱ्या हवेल्या सुरू होतात. बऱ्याच ठिकाणी लग्नं होतात, फोटो निघतात. वॉलेसला व्हिटनी हे उसाचं जुनं मळाघर आहे. २०१४ मध्ये ते गुलामीचं संग्रहालय म्हणून खुलं झालं. तिथे हवेली शेवटी दाखवतात, आधी झोपड्या. ग्रॅनाइटच्या भिंतींवर लुइझियानात गुलाम असलेल्या १,०७,००० माणसांची नावं कोरली आहेत, हॉल यांनी जमवलेल्या नोंदींतून. पुष्कळ ठिकाणी फक्त एकच नाव, आडनाव नाही. त्या काठावरच्या जेवणात साखर कशी आली हे या भिंतींपुढे उभं राहिल्यावर समजतं.

इथे उसाचा गळीत हंगाम ऑक्टोबरात सुरू होई आणि थंडी पडायच्या आत उरकावा लागे. उघड्या कढयांच्या रांगेत उकळता रस एका कढईतून दुसरीत हाताने ओतायचा, रात्रंदिवस. भाजून, थकून माणसं मरत. हा प्रकार बदलला तो नॉर्बेर रिलियू या माणसाने. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला मुक्त कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेला, पॅरिसला शिकलेला हा अभियंता. त्याने बंद भांड्यांची मालिका तयार केली: पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि हवेचा दाब कमी असल्याने रस कमी उष्णतेवर आटतो. इंधन वाचलं, साखर शुभ्र झाली, हात भाजायचे थांबले. १८४३ आणि १८४६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे मुक्त काळ्यांवरची बंधनं वाढत गेली तसा तो फ्रान्सला निघून गेला आणि १८९४ मध्ये पॅरिसला वारला. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंतच्या आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात उसाचा रस आजही याच तत्त्वावर आटवला जातो. गळीत हंगामाच्या शुभारंभाच्या फोटोंत त्याचंही नाव असायला हरकत नाही.

याच काठावर ओक ॲली मळ्यात १८४६-४७ च्या हिवाळ्यात आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने अक्रोडाच्या कुळातल्या पिकानच्या झाडावर यशस्वी कलम बांधलं. पातळ सालीचा, हातानेच फुटणारा तो पिकान पुढे मोठ्या बागांत गेला. न्यू ऑर्लिन्सच्या गोड प्रालीनला आणि अमेरिकेच्या पिकान पायला आज जो दाणा लागतो, त्याची शेती या कलमापासून सुरू झाली. आंत्वानचं आडनाव कागदोपत्री नाही.

पाटी आणि पाणी

१९८० च्या दशकात केजन हा शब्द जगभर विकला जाऊ लागला. ऑपेलूससजवळच्या शेतकरी घरातलं तेरावं मूल असलेल्या पॉल प्रुडोमने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला स्वतःचं रेस्तराँ काढलं. मसाला लावून तप्त बिडाच्या तव्यावर काळसर भाजलेला त्याचा रेडफिश मासा इतका गाजला की आखातातला तो मासाच कमी पडू लागला आणि त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली. प्रुडोम मोठ्या मनाचा, गुणी आचारी होता. बाजाराने मात्र त्याच्या कष्टांची एक पाटी केली. आता कुठल्याही शहरात तिखट शिंपडलेल्या बटाट्याच्या फोडींना केजन म्हणतात. त्या पाटीत ना १७५५ आहे, ना सेनेगांबिया.

आणि पायाखालची जमीन जाते आहे. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूभाग गमावला. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपीला उंच बांधांत कोंडलं, त्यामुळे नदीचा गाळ दलदलीपर्यंत पोचेनासा झाला. तेल कंपन्यांनी दलदलीतून कालवे खोदले, त्यांतून खारं पाणी आत शिरलं. जमीन खचते आहे, समुद्र चढतो आहे. मूळ रहिवाशांचं जाँ शार्ल बेट १९५५ पासून जवळपास सगळं पाण्यात गेलं. तिथली कुटुंबं २०२२ मध्ये सरकारी पुनर्वसनाच्या वस्तीत गेली. २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीने कालवांची शेती मोडकळीला आणली.

कोळंबीवाल्यांची अडचण थेट आपल्याशी जोडलेली आहे. अमेरिकेला कोळंबी पुरवणाऱ्या देशांत भारत अलीकडची वर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. आंध्रच्या तळ्यांतली स्वस्त कोळंबी तिथल्या ताटात पोचते, आणि आखातात होडी घालणाऱ्याला डिझेलचाही खर्च निघत नाही. कष्ट दोन्हीकडचे खरे आहेत. कोळंबी परदेशी असेल तर तसं गिऱ्हाइकाला सांगणं लुइझियानाच्या रेस्तराँना आता कायद्याने बंधनकारक आहे.

क्रिओल म्हणजे दूरच्या देशातलं काहीतरी, असं समजायचंही कारण नाही. रायगड जिल्ह्यात कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली क्रिओल भाषा आजही बोलली जाते. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, भाषा राहिली, पण बोलणारे जेमतेम हजारभर. लुइझियानातली कुरी-विनी ही क्रिओल भाषाही अशीच थोड्या तोंडांवर टिकून आहे. तिथल्या तरुणांनी ती लिहायला, शिकवायला घेतली आहे. कोर्लईत असं काम करणाऱ्यांची संख्या वाढायला हवी.

गंबोवर पहिला हक्क आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भात पिकवणाऱ्या आणि भेंडी शिजवणाऱ्या स्त्री-पुरुषांचा आहे. दुसरा चॉक्टॉ, चिटिमाचा, हूमा या मूळ मालकांचा. अकेडियनांनी त्यात आपला रू, आपलं दुःख आणि एकत्र जेवायची आपली चाल मिसळली आणि तो जपला, हा त्यांचा मान कोणी काढून घेऊ नये. पण क्रम हा असा आहे.

अमेरिकेत मुलांकडे जाणारे मराठी आईवडील आता घरोघरी आहेत. न्यूयॉर्क, नायगारा झालं असेल तर पुढच्या वेळी मार्च ते मे या काळात लुइझियाना ठरवा. आधी व्हिटनी पाहा, मग ट्रेमेत जेवा, आणि मग पूल ओलांडून ऑपेलूसस आणि यूनिसला जा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण पालेभाज्यांच्या गंबोतही बहुधा मांस असतं. मागवण्याआधी कोळंबी कुठली आहे ते विचारा आणि आखातातली असेल तर दोन पैसे जास्त द्या. जेवण झाल्यावर हे कोणाकडून शिकलात, असं आचाऱ्याला आवर्जून विचारा. त्याने सांगितलेली नावं लिहून घ्या आणि परत आल्यावर चार लोकांना सांगा.